काकूंनी न केलेलं अपडेट

भरवसा कोणावर ठेवायचा, सांगा बरं? घरच्यांवर, दुकानदारावर की हातातल्या फोनवर? नेपियर टाउनला माझं मोबाइलचं दुकान. कोर्स-बिर्स नाही, फोन उघडून उघडूनच शिकलो. काउंटरवर किस्से साचत जातात. काही तिथंच हसून संपतात, काही माझ्यासोबत घरी येतात.

खमरियाचे देशपांडेजी. नोकरी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत. आत फोन नेता येत नाही, गेटवर जमा. म्हणाले, "दिवसभर माझा फोन पहाऱ्यात असतो! त्याला अपडेट काहून पाहिजे?"

कांचघरचे रिटायर झालेले जोशी सर ऐटीत म्हणाले, "मी कोणत्याच ॲपला परवानगी देत नाही!"

म्हटलं, "सर, स्क्रीन, कॅमेरा चालवणारे छोटे प्रोग्राम असतात, ड्रायव्हर. त्यांना फोनच्या पार आतवर जाता येतं. त्यांच्यात चूक राहिली, की साधं ॲपही तिथून शिरतं अन् मालक होऊन बसतं. परवानगी विचारतं कोण? ती चूक अपडेटनंच बुजते."

तपासलं, तर त्यांच्या मॉडेलचे अपडेट कंपनीनं कधीचेच बंद केलेले.

"म्हणजे यालाही रिटायर केलं!" सर हसले. पण बँकेचं ॲप तेवढं काढून घेतलं.

आणि आमच्या गल्लीतल्या सुमनकाकू. काका गेले, त्यांचे व्हॉइस मेसेज फोनमध्ये राहिले. अपडेट आलं की काकू 'नंतर' दाबायच्या. "यांचा आवाज पुसला गेला तर?"

म्हटलं, "काकू, आधी पेनड्राइव्हवर उतरवून देतो."

"तू ऐकशील?"

"नीट उतरलं की नाही, ते पाहायला एखादा ऐकावा लागेल."

काकू लाजल्या. "राहू दे मग."

पुढं नणंदेच्या नंबरवरून लग्नाची पत्रिका आली. उघडायला ॲप टाकावं लागत होतं. नणंदेचंच नाव दिसलं, काकूंनी टाकलं. अपडेट न केल्यानं ड्रायव्हरमधली चूक तशीच होती, ॲप तिथूनच आत गेलं. फोन माझ्याकडे आला तेव्हा सगळं पुसलेलं. मेसेज, फोटो, काहीच नाही. नणंदेचा फोन आधीच चोराच्या ताब्यात होता.

फोन साफ केला, अपडेट टाकलं, काकूंच्या हाती दिला. त्या बराच वेळ स्क्रीनवर बोट फिरवत राहिल्या.

"खरं सांग हं. पुसायच्या आधी चोरानं सगळं घेतलं असेल नं?"

"घेतलं असेल, काकू."

"चलो," त्या म्हणाल्या, "म्हणजे यांचा आवाज कुठंतरी आहे!"