पंचा किती वाजता वाळतो

माझ्या यादीत अकरा रकाने होते आणि यादी चांगली होती. दुपारचं तापमान, ब्राउनश्वाइगपासूनचं अंतर, वाटेतले मुक्काम, जवळचं इस्पितळ, इंग्रजी किंवा जर्मन बोलणारा डॉक्टर, तूरडाळ मिळणारं दुकान, गॅसचा सिलिंडर बदलून मिळतो का, असं सगळं. प्रत्येक रकान्याला गुण आणि शेवटी बेरीज. पोर्तुगालचा दक्षिण किनारा पहिला आला. म्हणून परवाच्या हिवाळ्यात मी आत्याला आणि आतोबांना तिकडे पाठवलं. अठराव्या दिवशी आत्या छातीत कफ घेऊन विमानानं परत आली आणि तिच्यामागून चार दिवसांनी आतोबा एकटे गाडी चालवत आले.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आतोबा चाळीस वर्षांपूर्वी पीएचडी करायला जर्मनीत ब्राउनश्वाइगला आले आणि दोघं तिथलेच झाले. निवृत्त झाल्यावर त्यांनी वोनमोबिल घेतली. आत झोपायला पलंग, दोन शेगड्या, टीचभर न्हाणीघर. उन्हाळ्यात त्या गाडीतून दोघं नॉर्वेपर्यंत जाऊन आली. हिवाळा मात्र कायम पुण्याचा असायचा. पण आत्याची छाती नाजूक झाली, लांबचं विमान आणि पुण्याची धूळ दोन्ही सोसेनात, आणि ब्राउनश्वाइगचा हिवाळा तर नकोच. मग ऊन कुठं शोधायचं, असा प्रश्न माझ्याकडे आला. मी एश्बॉर्नला एका सॉफ्टवेअर कंपनीत इतरांच्या कामांची वेळापत्रकं सांभाळते. घरात कुणालाही काही ठरवायचं असलं की माझ्याकडेच येतं, आणि मला ते आवडतं.

चुकलं काय, ते मला नंतर कळलं. मी दुपारचं तापमान बघितलं होतं. पाऊस, समुद्रावरचा दमट वारा आणि संध्याकाळनंतर गाडीच्या काचांवरून आतल्या बाजूनं ओघळणारं पाणी, यांना माझ्याकडे रकानाच नव्हता. गादी खालून ओली झाली होती. परत येण्याच्या आदल्या दिवशी आत्या गाडीपासून कॅम्पिंगच्या तळावरच्या स्वच्छतागृहापर्यंत जाताना दोनदा थांबली होती. ते अंतर आमच्या घराच्या जिन्याएवढं.

आत्यानं मला कधी बोल लावला नाही. आतोबांनी लावला. फोनवर म्हणाले, "यादी ठणठणीत आहे गं. माणूस तेवढं आजारी पडलं."

गेल्या सप्टेंबरात त्यांचाच फोन आला. नेकारसुल्मचे एक गृहस्थ, मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले, शनिवारी गाडी बघायला येणार होते. आतोबा हे अगदी सरळ आवाजात सांगत होते, आणि त्यांचा सरळ आवाज मला ओळखता येतो. फुप्फुसाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आणखी एक हिवाळा असा बंद खिडक्यांच्या आत, खोकत, काढू नका. पण आत्या म्हणत होती, पुन्हा दोन हजार किलोमीटर जाऊन ओल्या गादीवर निजायचं असेल तर आपलं घर बरं, गाडी विकून टाका. म्हणजे शनिवारी गाडी गेली की आत्याचा हिवाळा चार भिंतींत, हे ठरल्यात जमा होतं.

मी शुक्रवारची रजा टाकली आणि गुरुवारी संध्याकाळीच ब्राउनश्वाइगला पोचले. बरोबर नवी यादी होती. या वेळी एकोणीस रकाने. आर्द्रता घातली होती, रात्रीचं तापमान घातलं होतं, वाऱ्याची दिशासुद्धा होती.

सकाळी स्वयंपाकघरात मी लॅपटॉप उघडला. आत्यानं चहा ठेवला, यादीकडे चष्मा न लावताच बघितलं, आणि आत जाऊन एक छोटी वही घेऊन आली. औषधांच्या दुकानात वर्षअखेरीला फुकट देतात ती डायरी. पोर्तुगालचे अठरा दिवस तिनं तिच्यात लिहिले होते. काय रांधलं ते, आणि त्याखाली दोन शब्द. पंचा ओला. पंचा ओला. पंचा जरा बरा. पंचा ओला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ह्यांचा पंचा. आंघोळ झाली की धुऊन बाहेर दोरीवर टाकते. चारच्या आत वाळला तर ती हवा मला मानवते. नाही वाळला तर नाही मानवत. अठरा दिवसांत दोनदा वाळला."

"मग तिसऱ्या दिवशीच का नाही सांगितलंस मला? लगेच दुसरीकडे हलवलं असतं तुम्हाला."

आत्यानं चहा गाळला. "तू एवढी यादी केली होतीस. म्हटलं, त्यापुढं पंच्याचं काय सांगायचं."

मग मी एकोणीस रकाने बाजूला सारले, वहीतलं एक कोरं पान मागून घेतलं आणि सहा कॅम्पिंगचे फोन नंबर काढले. इस्पितळ आणि डॉक्टर जवळ असलेलीच सहा ठिकाणं होती, तेवढं मी सोडलं नाही. पण विचारायचा प्रश्न एकच ठेवला. जानेवारीत सकाळी दहाला एक धुतलेलं फडकं दोरीवर टाकलं, तर ते किती वाजता वाळेल?

सिसिलीच्या माणसानं सांगितलं की त्यांच्याकडे कपडे वाळवायचं यंत्र आहे आणि ते नवं आहे. मी पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा यंत्राचंच सांगितलं. ग्रीसमध्ये फोन घेणाऱ्या मुलीनं आईला बोलावलं, आईनं काहीतरी लांबलचक सांगितलं, आणि मुलगी म्हणाली, आई म्हणते जानेवारीत आम्ही कपडे घरातच वाळत घालतो. हे प्रामाणिक होतं. मी तिचे आभार मानून काट मारली. व्हॅलेन्सियाच्या बाजूचे एकजण म्हणाले, ते देवाच्या हातात आहे. आतोबा शेजारून पुटपुटले, "गेनाऊ. अगदी बरोबर."

चौथा कुणी उचलला नाही. पाचवा फोन आल्मेरियाच्या आतल्या बाजूला, स्पेनच्या आग्नेय कोपऱ्यात. तिथल्या बाई छान जर्मन बोलत होत्या. त्यांचे हिवाळ्यातले निम्मे पाहुणे जर्मनच असतात, असं म्हणाल्या. माझा प्रश्न ऐकून त्या हसल्या नाहीत. त्यांनी उलट विचारलं, "कापड जाड की पातळ?"

मी फोन स्पीकरवर टाकला होता. आत्या ओट्यापाशी उभी होती. ती मला म्हणाली, "पातळ सांग. सुती."

पातळ असेल तर दोन-अडीचला, बाई म्हणाल्या. जाड टॉवेल संध्याकाळपर्यंत धरून चाला. दोन-तीन दिवस असे येतील की काहीच वाळणार नाही, आणि काही दिवस असा वारा सुटेल की चिमटे चांगले आणा. मग त्यांनी न विचारता आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, खालच्या ओळीतली जागा घेऊ नका, जानेवारीत तिथं चारच्या आधीच डोंगराची सावली येते. दोन, इथून समुद्र दिसत नाही. उघडे करडे डोंगर आणि शेतांवरचं पांढरं प्लास्टिक दिसतं. नंतर तक्रार नको.

आतोबांचा चेहरा उतरला. समुद्राकाठी सकाळचा चहा घ्यायचा, हे त्यांचं नोकरीत असल्यापासूनचं स्वप्न. "समुद्र अजिबातच नाही?" त्यांनी मराठीत मला विचारलं.

"समुद्र पोटभर बघितलाय मी," आत्या म्हणाली. "गादीतसुद्धा होता."

मी फोनवर हात ठेवून तिच्याकडे बघत होते. ओटा पुसून झाल्यावर हातातलं फडकं झटकत ती म्हणाली, "वरच्या ओळीत जागा आहे का, ते विचार."

जागा होती. सहावा फोन मी केला नाही.

आत्यानं एक अट घातली आणि ती मी कागदावर उतरवून घेतली. सलग तीन दिवस पंचा ओला राहिला, तर चौथ्या दिवशी ती विमानानं घरी आणि मग गाडीचा विषय पुन्हा काढायचा नाही. आतोबांनी त्यावर सही केली, कुणी मागितली नसताना. मग ते बाल्कनीत गेले, "आल्झो" म्हणून घसा साफ केला आणि नेकारसुल्मच्या गृहस्थांना फोन लावला. ते रागावतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी विचारलं, कुठे जाताय? आणि पुढची वीस मिनिटं आतोबा त्यांनाच सिलिंडर आणि डोंगराची सावली समजावून सांगत बसले.

नोव्हेंबरात दोघं निघाली. दिवसाला तीनशे किलोमीटर, त्याहून जास्त नाही, हे माझं. वाटेत दर तिसरा दिवस मुक्कामाचा, हेही माझंच. पोचल्यावर आमच्या तिघांच्या ग्रुपवर आत्याचे मेसेज यायला लागले. एका ओळीचे. "अडीच." "दोन." "सव्वातीन, ढग होते." "वाऱ्यानं उडाला, शेजारच्यांच्या टपावर सापडला, कोरडा." मी ते माझ्या एका वहीत उतरवून ठेवत होते. एश्बॉर्नला ऑफिसच्या खिडकीबाहेर चार वाजताच दिवे लागायचे, आणि रोज दुपारी एका पंच्याची वेळ माझ्या फोनवर यायची. ती आल्याशिवाय मला काम सुचेनासं झालं.

जानेवारीच्या मधल्या आठवड्यात मेसेज आला, "ओला." दुसऱ्या दिवशी, "ओला, पाऊस." मी आल्मेरियाहून निघणारी विमानं बघून ठेवली. कुठल्या दिवशी, कुठून, कुठं बदलायचं, छोटी यादी करून टाकली. मग तिसरा दिवस उजाडला. दोन वाजले, काही नाही. तीन वाजले. एक मीटिंग होती, फोन मी टेबलावर उताणा ठेवला आणि कोण काय बोललं ते मला आजही सांगता येणार नाही. चार वाजून दहा मिनिटांनी मी बाहेर येऊन फोन लावला.

आतोबांनी उचलला. मी विचारलं, आत्या कुठे आहे, बरी आहे ना.

"ती नाहीये. शेजारच्या गाडीतल्या बाईंबरोबर गेलीय वर."

"वर कुठं?"

"डोंगरावर पाण्याची टाकी आहे, तिथवर. पावसाचा दिवस सोडला तर रोज जाते आठवडाभर. आज ऊन पडलं म्हणून जेवल्याबरोबरच निघाल्या दोघी. अजून पत्ता नाही. मीच चहा करून घेतला."

पाण्याच्या टाकीचं ती मला काही बोललीच नव्हती. ओळ एकच लिहायची, म्हणून नसेल.

"आणि पंचा?"

"पंचा ना," ते म्हणाले. "राहिलाच की बघायचा. दोरीवरच असेल. थांब."

गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, मग खडीवर पावलं वाजली. वारा फोनमध्ये घुसला. आतोबा काहीतरी गुणगुणत होते.

"वाळलाय," ते म्हणाले. "चांगला कडक झालाय. कधीचा वाळलाय, ते काही सांगता यायचं नाही."