खोचायच्या भागाला खडे नकोत

मैत्रिणींनो, आज लिंबायतला आमच्या संगीताताईंचं काम जाता जाता वाचलं. त्या आणि गल्लीतल्या पाच जणी घरीच साड्यांना खडे चिकटवून देतात.

दुपारी गुजराती व्यापारी साड्या न्यायला आला आणि भडकलाच. "बेन, हा भाग कोराच? काम अधुरं आहे. दुसरीकडे देतो!"

ताई म्हणाल्या, "शेठ, तो कमरेला खोचतात. खडे टोचतात तिथं. तुम्ही कधी नेसलात साडी?"

आम्ही हसलो, तो नाही. त्यानं बायकोला स्पीकरवर फोन लावला. ती म्हणाली, "बरोबर आहे तिचं. मला मात्र टोचणारीच आणलीत!"

पुढचं सगळं काम ताईंनाच मिळालं.

देशाच्या प्रगतीचं मला फारसं कळत नाही. पण साडी नेसणारीला विचारलं तर धंदा वाढतो, हे आज पाहिलं. तुमच्या गल्लीत संगीताताईंसारखी कोण आहे?