मास्तरांनी घराला शिवलेला पत्र्याचा शर्ट

आमच्या शेजारचे शिंपीमास्तर म्हणजे चालतीबोलती मोजपट्टी! कुणी नमस्कार करायला समोर उभं राहिलं की यांची नजर आधी त्याच्या खांद्यावर. "डावा खांदा जरा उतरलाय तुमचा," असं ते डॉक्टरलाही सांगून आलेत, आणि तेही डॉक्टर यांची छाती तपासत असताना. गळ्यात टेप, खिशात खडू, ओठांत टाचण्या. टाचण्यांमुळे निम्मं बोलणं हुंकारातच. त्या हुंकारांचा अर्थ फक्त दोन माणसांना लागतो, एक त्यांच्या बायकोला, आणि दुसरा मला.

तर या माणसानं घराभोवती पत्र्याचं कुंपण स्वतःच्या हातानं घातलं, ती गंमत ऐका.

वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, अंगणात भाजीचे वाफे केले होते. कोंब वर आले रे आले की समोरच्यांच्या शेळ्या यायच्या आणि सगळं साफ करून जायच्या. त्यात वहिनींचा धाकटा भाऊ वेल्डर. त्याला जुनं लोखंड ठेवायला जागा हवी होती आणि त्याचा डोळा या अंगणावर. येईल तेव्हा एकच पालुपद. "ताई, तुझी भाजी काही व्हायची नाही. अंगण मला दे." वहिनी अशा वैतागल्या होत्या, की एके दिवशी "घेऊन टाक एकदाचं" म्हणणारच होत्या. तेवढ्यात मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. ही साधी गोष्ट नव्हे. जेवताना सोडलं तर ते टाचण्या काढत नाहीत.

"कुंपण घालतो," मास्तर म्हणाले. "मी. स्वतः."

मेव्हणा हसून हसून पलंगावर आडवा झाला. "दाजी, पत्रा आहे तो, पॉपलीन नाही!"

"कापड काय आणि पत्रा काय, अंगावर बसल्याशी कारण."

"बरं. रविवारी टेम्पोत लोखंड भरूनच येतो. कुंपण उभं दिसलं तर अंगण ताईचं, मी पुन्हा नाव काढणार नाही. आडवं दिसलं तर लोखंड आत."

मी दारातच उभा होतो, वहिनी माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या अंगणाची पैज लागली आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. निदान ह्यांच्याकडे लक्ष ठेवा."

मी लक्ष ठेवलं. म्हणजे पत्रे धरले. एका पाडलेल्या गोदामाचे नालीदार पत्रे मास्तरांनी आणले होते, निळ्या रंगाचे. पहिल्या दिवशी त्यांनी काय केलं असेल? घराची मापं घेतली! खांबांची नव्हे, घराची. गळ्यातला टेप घेऊन घराला प्रदक्षिणा. "छाती रुंद आहे, कमरेत बारीक," म्हणाले. मागच्या बाजूला शेजाऱ्यांची भिंत होती, तिला ते पाठ म्हणाले. मग लोखंडी खांब पुरले, त्यांना आडवे पाइप बांधले, आणि पत्रे नुसत्या तारेनं अडकवले.

"हे काय?" मी विचारलं.

"कच्ची शिलाई. आधी ट्रायल, मग पक्की."

आणि खरंच रस्त्याच्या पलीकडे उभे राहून, एक डोळा मिटून त्यांनी घराची ट्रायल घेतली. "काखेत जरा दाटतंय," असं म्हणून कोपऱ्यातला एक पत्रा सरकवला. पत्र्याची खालची कड मातीत गाडली, ती तुरपाई. बोटांना कापू नये म्हणून जाड कापडाचे हातमोजे शिवले, त्यांना आतून अस्तर! एकदा मी चुकून त्यांची कापडाची कात्री पत्र्याला लावायला घेतली, तर माणूस असा ओरडला, की वहिनी हातात लाटणं घेऊन बाहेर आल्या.

एकेक पत्रा दुसऱ्यावर चढवून रबरी चकतीचे स्क्रू पिळले. कुंपण काय दिसत होतं! इस्त्री केल्यासारखं. येणारे-जाणारे थांबायचे. मास्तर दिवसातून कितीदा तरी उगाच बाहेर जायचे आणि उगाच आत यायचे.

शुक्रवारी वारा सुटला. रस्त्याच्या टोकाला मोकळं मैदान आहे, तिथून निघाला आणि रस्त्यानं सरळ आमच्या दिशेनं. पहिला पत्रा थरथरला, मग दुसरा. मग फटाफट, फटाफट! छाती फुगवल्यावर शर्टाची बटणं उडावीत तसे स्क्रू उडाले आणि रस्त्याकडची अख्खी बाजू उघडी पडली. एक पत्रा तर माझ्या दारापर्यंत आला. बाकीच्या बाजू जशाच्या तशा.

मास्तर पायरीवर बसले. तोंडात टाचण्याही नव्हत्या. मी म्हटलं, "अहो, उद्याचा दिवस आहे अजून." ते नुसते हुंकारले, आणि त्या हुंकाराचा अर्थ मलाही लागला नाही.

वहिनी मात्र पडलेल्या पत्र्यांपाशी वाकून काहीतरी बघत होत्या. आयुष्यभर ह्यांच्या शर्टांना काज-बटण त्यांनीच केलेलं.

"अहो, इकडे या. हा पत्रा ह्याच्यावर चढवला कुणी?"

"मीच. डावी पट्टी वर, उजवी खाली. शर्टाला असते तशी."

"पुरुषांच्या शर्टाला!"

"मग?"

"मग काय मग! उघडी कड मैदानाकडे आली. वाऱ्यानं बोट घातलं आणि उकललं सगळं. बाईच्या कपड्याला उजवी पट्टी वर असते, विसरलात? घर कुणाचं आहे?"

मास्तर उठले. आधी पत्र्यांकडे बघितलं, मग मैदानाकडे, मग बायकोकडे. आणि त्यांना असं हसू फुटलं, असं हसू फुटलं, की त्यांना पाणी द्यायला गेलेला मीच पाणी सांडून बसलो.

"चाळीस वर्षं ग्राहकाला आधी विचारतो, जेन्ट्स की लेडीज," ते डोळे पुसत म्हणाले, "आणि घरालाच विचारलं नाही!"

शनिवारी आम्ही तिघांनी ती बाजू उसवली. भोकं तीच, पत्रे तेच, फक्त सुरुवात दुसऱ्या टोकाकडून. स्क्रू पिळायला वहिनी, आणि दोन स्क्रूंच्या मध्ये आणखी एक घालायचा हुकूमही त्यांचाच. "ताणाच्या जागी बटणं जवळ जवळ," म्हणाल्या. मास्तर मुकाट पत्रे धरत होते. इतकी वर्षं ओळखतो त्यांना, एवढे खूश कधी बघितले नव्हते.

रविवारी टेम्पो आला आणि त्याच्याबरोबर वाराही, शुक्रवारपेक्षा दांडगा. मेव्हण्यानं उतरून बाह्या सरसावल्या, पत्र्याला खांदा लावला, लाथ घातली, कडेत बोटं घालायला बघितलं. पत्रा नुसता गुणगुणला. वारा सपाट्यानं यायचा आणि पत्र्यांवरून हात फिरवल्यासारखा निघून जायचा.

"दाजी, कुणाकडून करून घेतलंत? खरं सांगा."

"तुझ्या ताईकडून," मास्तर वाऱ्यावर ओरडून म्हणाले. "लेडीज फिटिंग आहे!"

मेव्हण्याला काही कळलं नाही, पण आम्ही दोघं पोट धरून नाचतोय म्हटल्यावर तोही हसायला लागला. टेम्पोवाल्याला त्यानं लोखंड परत न्यायला सांगितलं आणि आत आला. आम्ही तिघं अंगणाच्या मधोमध उभे राहून, मान वर करून कुंपण बघत होतो. वहिनी कुदळ घेऊन बाहेर आल्या.

"अरे, पाय काढा तिथून सगळ्यांनी! वाफा आहे तो."

वाफा कुठला, नुसती सपाट माती होती. पण आम्ही तिघांनी अशा उड्या मारल्या बाजूला, की विचारू नका.