हजेरीत नसलेल्या गिरजाबाई

शेणव्याच्या पुढच्या एका गावात गिरजाबाई पाच वर्षं ग्रामपंचायतीच्या सदस्य होत्या, आणि त्या पाच वर्षांत त्यांनी एकही मासिक सभा चुकवली नव्हती. भाताची लावणी चालू असली तरी बांधावर पाय धुऊन त्या तशाच येत, खिडकीपाशी बसत आणि वाडीच्या पाण्याच्या टाकीचं काय झालं, ते विचारत.

उपसरपंच शेखरचं शहापूरच्या बाजारात सिमेंटचं दुकान. त्याला सभेला यायला सवड नसे, म्हणून सभेच्या दिवशी शिपाई भिमा हजेरीची वहीच मोटरसायकलवरून त्याच्याकडे नेई. वही परतेपर्यंत सभा आटोपून सगळे घरी गेलेले असत. बाकीचे सदस्य रस्त्यालगतचे. भिमा येता येता त्यांच्या दारात थांबून सह्या घेई. गिरजाबाईंची वाडी ओढ्यापलीकडे, तिथवर गाडी जात नव्हती.

"काकी, पुढल्या टायमाला कर सही," तो म्हणे. गिरजाबाईंनाही वाटे, आपण बसलोय ते सगळ्यांनी पाहिलंय, मग सही कशाला?

पुन्हा निवडणूक लागली तेव्हा शेखर त्यांच्याच प्रभागातून उभा राहिला. त्याचं पत्रक घरोघर आलं. सून रेश्मानं ते वाचून दाखवलं: एकूण सभा साठ, शेखर हजर अठ्ठावन्न, गिरजाबाई हजर सात.

"आई, मग तुमी दर महिन्याला जात कुठं होता?" रेश्मानं गमतीनं विचारलं. गिरजाबाईंना हसू आलं नाही. त्या जेवल्याही नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या पंचायतीत गेल्या. भिमा नजर चुकवत म्हणाला, "वहीत हाय ते हाय, काकी. मी काय करणार?" मग हळूच म्हणाला, "तू इतिवृत्त माग ना. सभेत कोण काय बोललं ते ग्रामसेवक लिवतात. ती वही कुठं जात नाय."

त्यांनी रीतसर अर्ज केला, नकला मिळाल्या. एक्केचाळीस सभांत लिहिलं होतं, 'श्रीमती गिरजाबाई यांनी टाकीबाबत विचारणा केली.' त्यातल्या छत्तीस सभांना हजेरीप्रमाणे त्या गैरहजर होत्या. अठ्ठावन्न सभांना हजर राहिलेल्या शेखरच्या नावावर मात्र एक शब्द नव्हता.

सासू-सुना नकला घेऊन दारोदार फिरल्या. शेजारच्या वत्सलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे तू नसताना भांडलीस," त्या म्हणाल्या, "आनि ह्यो असून मुका?"

शेखरची पंचाईत झाली. सह्या खऱ्या म्हणाव्यात, तर पाच वर्षं तोंड का उघडलं नाही ते सांगावं लागे. वही दुकानात यायची म्हणावं, तर पत्रकच खोटं ठरे. शेवटी त्याचे कार्यकर्ते सांगू लागले, की शेखरशेठ पहिल्यापासून ऐकून घेणारा माणूस आहे. हे ऐकून लोक आणखीच हसले.

गिरजाबाई तेवीस मतांनी निवडून आल्या. अंगणात गुलाल धुताना त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या.

"आता काय झालं?" रेश्मानं विचारलं.

"पाच वर्षं गेले, बसले, भांडले, त्यापायी मत नाय पडलं गो. लोक शेखरला हसले म्हनून पडलं."

"पडलं ना पन?"

गिरजाबाईंनी तांब्याभर पाणी डोक्यावर ओतलं. "पडलं," त्या म्हणाल्या, आणि गुलाल काही केल्या निघेना म्हणून पुन्हा केस चोळू लागल्या.