गुरुवारच्या चिठ्ठ्या

ऊर्हो केम्पाइनन यांच्याविषयी मला फार थोडं ठाऊक आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यांना मुलंबाळं होती की नाही, मला माहीत नाही. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं कुठे गेली, हे मी कधी विचारलं नाही. खाणीत गेली असणार, असं आम्ही पोरं आपसांत धरून चालत होतो, कारण ते वीस वर्षं तांब्याच्या खाणीत होते आणि डाव्या कानाचं ऐकणं तिथेच ठेवून आले होते. ते वारले तेव्हा मी कॉलेजच्या गावापासून शंभर मैलांवर दवाखाना चालवत होतो. बातमी मला दोन आठवड्यांनी कळली, तीसुद्धा शेगडी पेटवायला घेतलेल्या जुन्या वर्तमानपत्रात.

त्यांच्याबद्दल माझ्यापेक्षा बरं लिहिणारं कुणीतरी लिहील, म्हणून मी बरीच वर्षं थांबलो. कुणी लिहिलं नाही.

आमचं कॉलेज अमेरिकेच्या उत्तर टोकाला, सुपिरियर सरोवराच्या काठावर होतं. रसायनशास्त्राच्या इमारतीच्या तळघरात काचसामानाची खोली होती आणि ती सांभाळणारे केम्पाइनन तिचे मालक असल्यासारखे वागत. दाराचा खालचा अर्धा भाग कायम बंद, वर आडवी फळी. फळीपाशी उभं राहून हवं ते मागायचं. परत देताना ते प्रत्येक चंबू दिव्यासमोर धरून बघत. "यात काल सूप केलं होतंस का?" असं विचारून तो तसाच परत ढकलत. पोरी म्हणून नाही, पोरं म्हणून नाही, सगळ्यांना सारखंच. प्राध्यापकांनासुद्धा. कॉफी मात्र ते अगदी शांतपणे पीत. बशीत ओतून, खडीसाखरेचा खडा दातांत धरून, सावकाश. त्या वेळी कुणी काही मागितलं तर त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत नसे.

काही फुटलं की चिठ्ठी लिहायची असा नियम होता. नाव, तारीख, काय फुटलं. ती चिठ्ठी ते भिंतीतल्या एका लांब खिळ्याला टोचून ठेवत.

एकोणीसशे एकसष्टचा सप्टेंबर. मी दुसऱ्या वर्षाला होतो आणि मला डॉक्टर व्हायचं होतं. आमच्याकडे मेडिकलच्या आधी चार वर्षं कॉलेज करावं लागतं आणि कोणते विषय कधी घ्यायचे, ते आपणच ठरवायचं असतं. फॉर्मवर सल्लागार प्राध्यापकांची सही लागते. माझे सल्लागार डॉक्टर हॅस्किन्स. मी फॉर्मवर सेंद्रिय रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, प्राण्यांची शरीररचना आणि जर्मन असं लिहून नेलं. त्यांनी वरून खाली नजर फिरवली आणि म्हणाले, "ही तीन शास्त्रं एका वेळी ज्याला पेलतात, त्यालाच मेडिकल पेलतं." सही केली. मी खूश झालो. एकूण सतरा क्रेडिट होत होते, अठरापर्यंत परवानगी होती. म्हणजे एक शिल्लकच होता!

मेडिकलला जाऊ पाहणारी पोरं ही चूक अजूनही करतात. क्रेडिट मोजतात, तास मोजत नाहीत. प्रयोगशाळेतल्या अख्ख्या दुपारसाठी एकच क्रेडिट असतो. माझ्या सोमवारच्या आणि गुरुवारच्या दुपारी रसायनात जात, मंगळवार-शुक्रवारच्या मांजरं कापण्यात. बुधवारी भौतिकशास्त्राचा प्रयोग असायचा आणि त्याचा अहवाल गुरुवारी सकाळी आठला द्यावा लागे. शिवाय रोज पहाटे साडेपाचला मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ओटमीलची पातेली घासायचो. त्याला अर्थातच एकही क्रेडिट नव्हता.

पाचव्या आठवड्यापर्यंत मी दोन थर्मामीटर, एक नरसाळं आणि दोन चंबू फोडले होते. रसायनाच्या पहिल्या परीक्षेत शंभरात अठ्ठावन्न. माझ्या शेजारच्या ओट्यावर डेल्मर नावाचा मुलगा होता, हुशार आणि तोंडाळ. तो म्हणाला, "पेनहेल, तू पहिलं ऑपरेशन करशील त्या दिवशी मला आधी कळव. मी गाव सोडून जाईन." सगळे हसले, मीही हसलो. पण ते माझ्या मनात जाऊन बसलं. बुद्धी कमी असेल तर माणूस जास्त अभ्यास करतो. हातच वाईट असले तर काय करायचं? डॉक्टरचे हात थरथरून कसं चालेल?

सव्वीस ऑक्टोबरला माझ्या हातून कंडेन्सर फुटला. लांब, सुंदर, आत नागमोडी नळी असलेला. मी तुकडे गोळा केले, प्रयोगशाळेतल्या माझ्या खणाची किल्ली खिशातून काढली आणि तळघरात गेलो.

"काय फुटलं?" केम्पाइनननी विचारलं.

"कंडेन्सर."

"चिठ्ठी."

मी चिठ्ठी लिहिली आणि तिच्या शेजारी किल्ली ठेवली.

"ही कशाला?"

"मी सोडतोय."

"मोठ्यानं बोल. या कानाला माझी स्वतःची फिनिश भाषासुद्धा ऐकू येत नाही, तुझं पुटपुटणं कुठून येणार?"

"मी सोडतोय! रसायन, मेडिकल, सगळंच. माझे हात बरोबर नाहीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग चिठ्ठीवरचं नाव वाचलं. "पेनहेल. खाणीतला कॅप्टन पेनहेल तुझा कोण?"

"आजोबा."

"माझा बाप त्याच्या हाताखाली दगडाच्या गाड्या ढकलायचा. फार हेकट माणूस."

"हो."

"बरं झालं, कबूल तरी करतोस." ते उठले, खिळ्यावरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि त्यातल्या माझ्या पाच शोधून फळीवर एका रांगेत मांडल्या. सहावी मी आत्ताच लिहिलेली. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यासमोर ठेवलं. "तारखा वाच. आणि वार सांग."

मी बोट ठेवून वाचत गेलो. अठ्ठावीस सप्टेंबर, गुरुवार. पाच ऑक्टोबर, गुरुवार. बारा ऑक्टोबरच्या दोन, गुरुवार. एकोणीस, गुरुवार. आज गुरुवारच होता.

"सोमवारी काय काय फोडलंस?"

"सोमवारी... काही नाही."

"का? सोमवारी हात कुणाचे उसने आणतोस?"

मी पुन्हा चिठ्ठ्यांवरून नजर फिरवली. खरंच, माझ्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

"बुधवारी काय असतं?"

मी भौतिकशास्त्राचं सांगितलं. अहवालाचं सांगितलं.

"झोप किती?"

"तीन तास. कधी कधी कमी."

"खाणीत असा माणूस आला की आम्ही त्याला खाली उतरू देत नव्हतो. वरच बसवायचो. त्याच्या काळजीनं नव्हे हं, आमच्या काळजीनं." असं म्हणून त्यांनी काचसामानाच्या खोक्यातला तपकिरी कागद फाडला, त्यावर उभ्या सात रेघा मारल्या आणि पेन्सिल मला दिली. "सगळं लिही. क्लास, लॅब, पातेली, सगळं. तासानुसार."

मी लिहीत गेलो. ते बशीतून कॉफी पीत बघत राहिले. मागे दोन पोरं येऊन उभी राहिली, त्यांना "बंद आहे" म्हणून हाकललं. कागद भरत आला.

"जेवण कुठंय?"

"जेवतो जाता-येता."

"आंघोळ?"

"शनिवारी सौना." फिनिश लोकांची ही वाफेची आंघोळ आमच्या भागात सगळेच करत.

"शनिवार बरोबर आहे. त्याला हात लावायचा नाही." त्यांनी कागद आपल्याकडे फिरवला. "हे बघ, फिजिक्स म्हणजे काय ते मला माहीत नाही. रसायनही फारसं नाही, नुसती भांडी माहीत आहेत. पण या कागदावर माणूस मावत नाहीये. यातलं एक काढलं तर मावेल. कोणतं काढता येतं?"

"फिजिक्स पुढच्या वर्षी घेता येईल. पण हॅस्किन्स सरांची सही लागते, आणि सोडायची मुदत उद्यापर्यंतच आहे. ते म्हणतील, हा लेचापेचा निघाला."

"म्हणू दे."

"मेडिकलवाले विचारतील, फिजिक्स का सोडलं."

"आणि रसायनात नापास झालास तर ते काय विचारतील?"

ते मला पटलं. पण मी तरी तिथेच उभा. खरी अडचण त्यांच्या तेव्हा लक्षात आली असावी. माझी अडचण अशी होती की हॅस्किन्स सरांच्या दारावर टकटक करायचीही मला भीती वाटायची.

केम्पाइनननी बशी बाजूला सारली, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि ताठ बसले. "मी हॅस्किन्स. बोल."

"सर, तुम्हाला वेळ असेल तर—"

"नाहीये वेळ. पुढे?"

"सर, माझं असं झालंय की..."

"तुझं काय झालंय याच्याशी मला काय करायचंय? मी शहाणा माणूस आहे, माझ्या गळ्यात टाय आहे. काम सांग."

मला हसू आलं. ते हसले नाहीत. चौथ्या खेपेला मी एका दमात म्हणालो, "सर, मला फिजिक्स पुढच्या वर्षी घ्यायचंय. या फॉर्मवर सही हवी."

"हं. आता हे पाठ कर, यापुढे एक शब्द जोडू नकोस. आणि ती किल्ली उचल, माझ्या फळीवर पसारा नको."

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा डॉक्टर हॅस्किन्स सँडविच खात होते. मी माझं वाक्य म्हटलं. त्यांनी बोटं पुसली आणि सही केली. "पुढच्या वर्षी घेतोस? चांगलं आहे. तोवर तुझं कॅल्क्युलस झालेलं असेल, सोपं जाईल." एवढंच. मी उभाच राहिलेला बघून म्हणाले, "आणखी काही?"

"नाही सर."

सप्टेंबरात आपण काय बोललो होतो, हे त्यांच्या लक्षातही नसावं. माझा त्यांच्यावर राग नाही. मीही अडतीस वर्षं दवाखान्यात घाईघाईत कितीतरी बोललो असेन, आणि ते कुणीतरी घरी नेऊन वर्षानुवर्षं उराशी धरलं असेल.

मी बुधवारी झोपू लागलो. चार आठवडे काही फुटलं नाही. मग एका सोमवारी साधी परीक्षानळी फुटली. चिठ्ठी घेताना केम्पाइनन म्हणाले, "सोमवारी? शाब्बास. हा आता नुसता वेंधळेपणा." रसायनात मला शेवटी 'बी' मिळाला. फार चमकदार नाही, पण तेवढ्यावर मेडिकलचं दार उघडं राहिलं.

डेल्मरनं मात्र तिन्ही विषय एका वेळी पेलले आणि पुढे तो चांगला सर्जन झाला. म्हणजे डॉक्टर हॅस्किन्स अगदीच चुकीचं बोलत नव्हते. माझ्या बाबतीत ते खरं नव्हतं, इतकंच. बऱ्याच वर्षांनी एका परिषदेत मला आमच्याच कॉलेजातली एक दंतवैद्य भेटली, माझ्यानंतर तीन-चार वर्षांनी शिकलेली. बोलता बोलता तपकिरी कागदाचा विषय निघाला. तिलाही केम्पाइनननी आठवडा लिहायला लावला होता. तिला मात्र सांगितलं होतं, "विषय एकही सोडू नकोस, ती पहाटेची नोकरी सोड." आम्ही दोघं जेवणाची रांग सोडून त्यांच्याविषयी बोलत राहिलो. असे किती जण असतील, कुणास ठाऊक. त्यांनी याबद्दल कधी कुणाला काही सांगितल्याचं तिलाही आठवत नव्हतं.

चौसष्ट सालच्या जूनमध्ये, निघायच्या आदल्या दिवशी, मी त्यांना भेटायला तळघरात गेलो. मला मेडिकलला प्रवेश मिळाला होता. आभाराची दोन वाक्यं मी रस्त्याने पाठ करत आलो होतो. ते मागच्या दारापाशी नव्या खोक्यांचा ढीग आत घेत होते.

"मिस्टर केम्पाइनन, मला प्रवेश मिळाला."

"कळलं. डेल्मरनं सांगितलं. ते टोक धर."

मी खोक्याचं टोक धरलं. आम्ही ते फडताळापाशी नेऊन ठेवलं. मग दुसरं, मग तिसरं. सहा खोकी झाली. प्रत्येक वेळी वाटे, हे ठेवलं की बोलावं, आणि प्रत्येक वेळी ते पुढच्या खोक्याकडे वळत. शेवटी त्यांनी हात पँटला पुसले आणि उजवा हात पुढे केला. मी तो हातात घेतला. तो कोरडा आणि खरखरीत होता. माझी दोन वाक्यं कुठे गेली कोण जाणे.

"केव्हा निघतोस?"

"उद्या सकाळच्या बसनं."

"खायला घेऊन जा. दक्षिणेच्या मोठ्या पुलाच्या पलीकडे जाईपर्यंत धड काही मिळत नाही."

"आई पेस्ट्या भाजतेय." आमच्याकडे पारीत मांस-बटाटा भरून करतात त्या, आमचे लोक इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून खाणीत आले तेव्हा आणलेल्या. फिनिश लोक त्यात गाजर घालतात.

"गाजर घालते का?"

"नाही. सलगम."

"तुम्ही कॉर्नवॉलवाले सुधारणार नाही. जाताना दार ओढून घे, माश्या येतात."

"हो, ओढतो."