निवट्यांना नारळ कोण घालतं?

पोलिसाने नोकरी सोडली की दरोडे, खून आणि दंगली हळूहळू पुसट होत जातात. ही घटना मात्र मला अजून दिवसातून दोनदा आठवते, कारण मी दिवसातून दोनदा जेवतो. तिच्यात गोळी आहे, पण बंदुकीची नाही. आरोपी आहे, फिर्याद आहे, पंचनामा आहे. नावं मात्र मी एकाचंही सांगणार नाही. एक नाव सांगितल्यामुळे काय होतं, ते पुढे येईलच.

तेव्हा मी पनवेलला पोलीस निरीक्षक होतो. बायको साताऱ्याला शिक्षिका, मुलगी तिच्याजवळ, आणि मी पोलीस लाइनीतल्या दोन खोल्यांत एक टीव्ही आणि एक डबा यांच्या सोबतीने. एके दुपारी एका खासगी रुग्णालयातून पोलीस ठाण्यात खबर आली. पन्नाशीच्या एक बाई चक्कर येऊन पडल्या होत्या आणि त्यांच्या हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडत होते. डॉक्टरांचा संशय असा, की बाई काहीतरी घेत आहेत आणि कबूल करत नाहीत. हवालदाराने स्टेशन डायरीला नोंद केली आणि मी स्वतःच निघालो. डॉक्टर दारातच भेटले. म्हणाले, "साहेब, पोटात काय जातंय ते कळल्याशिवाय मी अंधारात तीर मारतोय. पुढचा झटका त्यांना झेपणार नाही."

बाई मूळच्या खाडीकाठच्या गावच्या. घरची शेती आणि मिठागर होतं. जमीन गेली, पैसा आला, आणि त्या खारघरला चौदाव्या मजल्यावर राहायला गेल्या. नवरा बांधकाम व्यवसायात, मुलगा परदेशात. नवरा माझ्यासमोर कानाला फोन लावूनच आला. मधेच फोनवर हात ठेवून म्हणाला, "साहेब, हिला काय कमी हाय?" आणि उत्तर न ऐकता पुन्हा बोलायला लागला.

मी खुर्ची ओढून बाईंशेजारी बसलो. चौकशीत पहिला नियम असा, की समोरचा काय सांगतो त्यापेक्षा कशाकडे बघत नाही ते बघावं. बाई खिडकीकडे बघत होत्या, माझ्याकडे बघत होत्या, सलाइनकडे बघत होत्या. उशीकडे काही केल्या बघत नव्हत्या. पण आजारी बाईच्या उशीखाली हात घालणं माझ्याच्याने झालं नाही, आणि नर्सने प्रयत्न केला तर त्यांनी आरडाओरडा केला, ठोके आणखी बिघडले. "मी काय घेत नाय," एवढंच एक पालुपद.

नर्सने मात्र एक गोष्ट सांगितली. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी बाईंना एक फोन येतो. त्या वेळी त्या सगळ्यांना बाहेर काढतात, आणि फोन झाला की तोंडावर जरा तजेला येतो.

फोनच्या नोंदी मागवल्या. क्रमांक भलत्याच्या नावावर, खोट्या कागदपत्रांवर घेतलेला. मोबाइल टॉवर नवीन पनवेलचा. त्या टॉवरखाली अर्धं नवीन पनवेल राहतं. त्याच क्रमांकाची एक जाहिरात मात्र सापडली: 'वजन कमी करा, घरबसल्या, वनौषधींच्या गोळ्यांनी. डाएटवाल्या मॅडम, पुणे.' माल कुरियरने यायचा, पैसे कुरियरवाल्याच्या हातात, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता दर वेळी वेगळा आणि दर वेळी खोटा.

गिऱ्हाईक बनून जाळं टाकायचं ठरलं. ठाण्यातल्या सगळ्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी माझ्या पोटाकडे. आमच्या महिला उपनिरीक्षक फार सभ्य होत्या. म्हणाल्या, "सर, तुम्हाला वेषांतराची गरज नाही."

मी खारघरचा बँक अधिकारी झालो. पोलिसाला खोटं बोलायची सवय असते, पण मॅडमनी वजन विचारलं तेव्हा ते खरं सांगावं लागलं, आणि तेही स्पीकरवर, अख्ख्या ठाण्यासमोर. गोळ्यांची बाटली आली. ती जशीच्या तशी पंचांसमोर सील केली आणि त्यातल्या काही गोळ्या औषध निरीक्षकांमार्फत तपासणीला पाठवल्या. अहवालाला वेळ लागणार होता. रुग्णालयातल्या बाईंनी हीच बाटली घेतली असेल याचीही खात्री नव्हती, कारण जाहिरातीत नऊ तऱ्हेच्या गोळ्या होत्या.

आणि मग रोज संध्याकाळी मला फोन यायला लागला.

आवाज गोड, भाषा अगदी शुद्ध, पुस्तकी. "नमस्कार सर. आज काय जेवलात?" पहिल्या दिवशी मी थापा मारल्या: दोन भाकऱ्या, पालेभाजी, ताक. हवालदार तोंडात रुमाल कोंबून हसत होता, कारण माझ्या टेबलावर वडापावचा कागद होता. दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, भाजी कोणी केली? मी म्हटलं, एकटाच राहतो. त्यावर मॅडम म्हणाल्या, "एकट्या माणसाने उभ्याने जेवू नये सर. ताट वाढून घ्यावं." मी उभ्यानेच जेवत असे. हे त्यांना कसं कळलं, हा प्रश्न मी तपासात घेतला नाही. चार दिवसांनी मी स्पीकर बंद केला. तपासाच्या गुप्ततेसाठी, असं मी सांगितलं आणि उपनिरीक्षक बाईंनी ते ऐकून घेतलं.

इकडे बाईंची तब्येत सुधारत नव्हती. डॉक्टर रोज विचारत आणि मी रोज मान हलवत असे.

एका दुपारी आमच्या ड्रायव्हरने डब्यातून निवट्या आणल्या होत्या. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा बोटभर मासा. मी घाटावरचा माणूस. मला मासा म्हणजे मासा. पण संध्याकाळी फोन आला, आणि रोज पालेभाजी सांगून मलाच कंटाळा आला होता. मी ऐटीत म्हणालो, "आज निवट्या केल्या. नारळाचं छान घट्ट वाटण लावून."

 आणि मग ती शुद्ध, पुस्तकी मराठी खाडीत बुडाली.

"निवट्यांना नारल कोन घालतं? आदी चुलीच्या राकेन घोलून घेतल्याव का नाय? नायतर बुलबुलीत लागतात त्या. लसून, चिच नि मसाला, बस. कुनाकडना घेतल्याव?"

मी घाबरत म्हणालो, बाजारातून.

"फसवलान तुमाला. उरण नाक्याच्या बाजारात जा सकाली. कोपऱ्यात म्हातारी बसते, हिरव्या लुगड्याची. माजं नाव सांगा, जित्या देईल." आणि तिने नाव सांगितलं. घरचं, लाडाचं नाव.

पनवेलच्या बाजारात ओळखीशिवाय चांगला मासा मिळत नाही, हे इथल्या माणसाच्या हाडात भिनलेलं आहे. समोरचा एकटा आहे, फसवला गेलाय, तर त्याला आपलं नाव द्यायचं. खोटं सिमकार्ड, खोटे पत्ते, खोटं पुणे, सगळं तिने सांभाळलं होतं. निवट्यांपुढे तिचा इलाज चालला नाही.

सकाळी मी साध्या कपड्यांत बाजारात गेलो. म्हातारीला नाव सांगितलं. तिने मला नीट न्याहाळलं, निवट्या खरंच जित्या दिल्या, आणि बोलता बोलता सांगितलं की त्या नावाची बाई तिची भाची. नवीन पनवेललाच, खांदा कॉलनीत एकटी राहते. नवरा बोटीवर गेला तो परत आलाच नाही. बुडाला नाही, दुसऱ्या बंदरावर संसार थाटला. "फोनवरचं काम करते, डाक्टरांचं," म्हातारी अभिमानाने म्हणाली. इमारतसुद्धा तिनेच सांगितली.

बाईमाणसाला अटक करायची तर दिवसाउजेडी आणि महिला अधिकारी बरोबर हवी. दुपारी पंच घेऊन, औषध निरीक्षकांसह दार वाजवलं. एक खोली, एक पलंग, भिंतीला लागून खोकी. चाळिशीची, सडपातळ बाई. मी ओळखपत्र दाखवून म्हणालो, "पोलीस." तिने ओळखपत्राकडे पाहिलंच नाही. आवाजावर कान दिला आणि विचारलं, "मिलाल्या का निवट्या?"

मी 'हो' म्हणालो. पंचनाम्यात हे नाही.

ठाण्यात उपनिरीक्षक बाईंनी तिला आधी चहा दिला. घाबरलेला माणूस उत्तर देत नाही, नुसता शब्द फेकतो. त्याला गरम काही प्यायला द्यावं. तिने काही लपवलं नाही. माल परराज्यातला एक माणूस पाठवायचा. ती नावाच्या पट्ट्या चिकटवायची आणि फोन करायची. बोलणं टीव्हीवरच्या मालिका बघून शिकलेली. गोळीत काय आहे? "पाला," ती म्हणाली. औषध निरीक्षकांना खोक्यांच्या आतल्या मूळ पाकिटांवर दुसरंच नाव सापडलं होतं. त्यांनी समजावलं: यात भूक मारणारं, बंदी घातलेलं औषध आहे आणि लघवी करवणारं दुसरं. काट्यावर उतरतं ते शरीरातलं पाणी, चरबी नव्हे. आणि पाण्याबरोबर हृदयाला लागणारे क्षारही जातात. मी तिला सांगितलं, अशी एक बाई रुग्णालयात आहे.

"खारघरची?" तिने लगेच विचारलं. "चौदाव्या माल्यावरची? ती कायच जेवत नाय साहेब. मी सांगते, जेव म्हनून. ती म्हनते, कुनासंगं जेवू?"

डॉक्टरांना फोन करून औषधांची नावं कळवली. ते म्हणाले, उपचार आता करता येतील, पण उशीखालची बाटली ताब्यात आल्याशिवाय उपयोग नाही. त्या अजून घेत आहेत. मी आरोपीसमोर फोन ठेवला. नियमात बसत होतं का, ते विचारू नका. वरिष्ठांनीही विचारलं नाही.

रुग्णालयातल्या बाईंनी पहिल्याच रिंगला उचलला.

"गोल्या नर्सला दे," ही म्हणाली. "त्यात इख हाय. मला म्हाईत नवतं."

 पलीकडून बारीक आवाजात: "मला म्हाईत होतं काईतरी वायट हाय. पन गोल्या बंद केल्या तर तुजा फोन बंद होईल ना."

ठाण्यात एरवी वायरलेस खरखरत असतो, लॉकअपमधून कोणी ओरडत असतो. त्या वेळी काय वाजत होतं मला आठवत नाही.

"दे गोल्या," आरोपी म्हणाली.

"मंग उद्या करशील?"

तिने माझ्याकडे पाहिलं. कोठडीत फोन नसतो, हे तिलाही माहीत होतं. "करीन," ती म्हणाली, आणि फोन माझ्याकडे सरकवला.

बाटली नर्सच्या हातात आली. बाई वाचल्या. आरोपीला पुढे जामीन मिळाला. परराज्यातला माणूसही सापडला. खटला चालू आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, त्या ठरल्या वेळी, मी त्या बाईंना फोन केला. शक्य तेवढ्या मऊ आवाजात विचारलं, "आज काय जेवलात?"

"तुमी पोलीस ना?" त्या म्हणाल्या. "जेवनाचापन जबाब घेता काय?" आणि फोन ठेवला.

आता निवृत्तीनंतर लोक मला कार्यक्रमांना बोलावतात आणि हमखास कोणीतरी विचारतं, साहेब, वजनाच्या गोळ्यांचा खरंच उपयोग होतो का? मी सांगतो, डॉक्टरला विचारा, फोनवरच्या मॅडमला नको. बंद बाटलीवर वनौषधी लिहिलेलं असलं म्हणून आत वनौषधी असते असं नाही. हे मी ठामपणे सांगतो, कारण मी मुद्देमाल पाहिला आहे.

एक गोष्ट मात्र व्यासपीठावर सांगत नाही. तो तपास चालू होता तेव्हा माझा पट्टा दोन भोकं आत गेला होता. गोळ्या सीलबंद होत्या. एकही माझ्या पोटात गेली नव्हती. रोज संध्याकाळी ताटात काय होतं ते कोणाला तरी सांगावं लागायचं, एवढंच काय ते औषध. अटकेनंतर महिनाभरात पट्टा जुन्या भोकावर परत आला. त्या महिन्यात मी काय काय खाल्लं, देव जाणे. मी पुन्हा उभ्याने जेवत होतो.