खोगीरवाल्या हाउकचा चुकीचा डाग

जर्मनीतल्या हार्झच्या डोंगराखालच्या एका गावात लेबरेख्ट हाउक खोगिरं शिवायचा, पण लोक त्याला ओळखायचे ते सूर्यामुळे. रोज अकराच्या ठोक्याला तो हातातली आरी खाली ठेवी, मागच्या अंगणात जाऊन दुर्बिणीला काळी काच लावी आणि सूर्यावर दिसतील तेवढे डाग वहीत काढून घेई. ढग नसले तर एकवीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता. बायकोला माती देऊन आला, त्या दिवशीसुद्धा अंगातला काळा कोट न उतरवता त्याने वही उघडली होती.

"काय हाउक, सूर्य आहे ना जागेवर?" शेजारचा पाववाला ओस्वाल्ड कुंपणावरून विचारी.

"आहे. तू तुझे पाव करपताहेत का ते बघ!"

शाळा जेमतेम चार वर्षांची. तरी दर नाताळाला त्याचे आकडे राजधानीतल्या वेधशाळेत जात. तिथले प्राध्यापक कधी पोच देत, कधी तेवढंही नाही.

एका सप्टेंबरात हाउकच्या हाताला टाके पडले, म्हणून वही मुलीनं, मेख्टिल्डनं धरली. दुर्बिणीतून बघून ती म्हणाली, "बाबा, आज एकही डाग नाही."

"मधला बारका?"

"मधे काहीच नाही. दोनदा बघितलं."

"म्हणजे मी इतकी वर्षं झोपा काढल्या काय?" हाउक खेकसला. दुपारी तो रागातच जेवायला बसला. सूप संपवून त्याने मान वर केली, तर समोरच्या पांढऱ्या भिंतीवर तोच बारका डाग. नजर डावीकडे नेली, डागही डावीकडे गेला. उजवा डोळा मिटला, डाग गायब.

त्याने जुन्या वह्या काढल्या. सूर्य स्वतःभोवती फिरतो तसे त्याच्यावरचे डाग सरकत सरकत कडेला जातात आणि दिसेनासे होतात. हा मात्र चौदा महिने मधोमध ठाण मांडून होता, आणि हाउकने तो रोज इमानानं मोजला होता.

"कुणाला कळणार आहे, बाबा?" मेख्टिल्ड हळूच म्हणाली.

"मला कळलं ना."

त्याच दुपारी दुखऱ्या हातानं त्याने वेधशाळेला पत्र लिहिलं: माझा डोळा गेला आहे, शेवटचे चौदा महिने रद्द समजावेत.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं, आणि चांगलं चार पानांचं. 'कुणी विचारलं नसताना तुम्ही आपली चूक कळवलीत. आधीची सगळी वर्षं आता आम्ही डोळे झाकून छापू,' असं प्राध्यापकांनी लिहिलं होतं. दुर्बिणीतून सूर्याकडे न बघता, मागं पांढरा कागद धरून त्यावर सूर्याचं बिंब कसं पाडायचं, तेही समजावलं होतं.

"डोळे झाकून!" ओस्वाल्ड खो खो हसला. "तुला लिहायला त्यांना हेच सापडलं?"

हाउकलाही हसू आवरेना.

पुढची नऊ वर्षं मेख्टिल्ड कागदावर डाग काढी आणि हाउक डाव्या डोळ्यानं ते ताडून बघे. आकडे छापून आले तेव्हा, त्याच्या हट्टावरून, वर दोघांची नावं होती.